पाहुण्यांची चादर

फट्! हिवाळ्यातल्या सकाळी, राईस मिलचा भोंगा वाजायच्या आधी, उन्हाची पहिली तिरीप अंगणातल्या पेरूच्या शेंड्यावर टेकते न टेकते तोच हा आवाज गल्लीभर घुमायचा. कोवळ्या प्रकाशात धुळीचे कण क्षणभर सोनेरी होऊन तरंगायचे आणि त्यांच्या मधोमध, पलंगावरची चादर दोन्ही हातांनी ताणून धरलेले मधुकरराव उभे असायचे. मधुकरराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे भाऊजी. मूल या गावी एका कचेरीत त्यांनी कारकुनी केली आणि साहेबाच्या थाटात निवृत्त झाले. चादर झटकणे हे त्यांचे घरातल्या स्वच्छतेला लाभलेले एकमेव योगदान. पण ते अशा काही आविर्भावात व्हायचे की बघणाऱ्याला वाटावे, धुणे, पिळणे, वाळवणेही हेच करत असणार. झटकून झाली की चादर तिथेच धुण्याच्या दगडावर टाकायची आणि चहाला आत जायचे.

तिथून पुढे सगळे बाईचे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. त्या गावात चादर पांढरी ठेवणे म्हणजे वाऱ्याशी रोजची वाटाघाट असते. भातगिरण्यांच्या धुराड्यांतून जळलेल्या कोंड्याची काळी, हलकी राख उडत असते; ओल्या कपड्यावर ती बसली आणि कुणी हाताने पुसायला गेले की काळा फराटा उमटलाच. नव्याने आलेली प्रत्येक सून ही चूक एकदा करते. बाई धूर कोणत्या अंगाला झुकला आहे ते आधी बघायची, मग चादर भिजवायची. सोड्याच्या गरम पाण्यातून काढून ती मोगरीने बडवायची, निळीच्या पाण्यातून फिरवायची, सकाळच्या भाताची पेज गाळून तिची पातळ खळ द्यायची आणि वाळताना राखेचा कण पडलाच, तर हात न लावता फुंकरीने उडवायची. तारेवर टांगलेल्या चादरीसमोर ओठांचा चंबू करून उभी असलेली माझी बहीण, आणि चादरीतून गाळून तिच्या तोंडावर पडलेले ते दुधी ऊन, मला अजून जसेच्या तसे दिसते.

संध्याकाळी भाऊजी परीक्षक व्हायचे. पलंगाशी वाकून, उलट्या हाताने, तळवा वर धरून ते चादरीवरून हात फिरवायचे. उशीला नाक लावून डोळे मिटायचे. सुरकुती सापडली की त्यांचा चेहरा असा उजळायचा, जणू हरवलेली अंगठी सापडली. मग एकच शब्द. "हे काय?" बाई धावत यायची आणि सुरकुती मोडायची. मला त्या माणसाचा तिटकारा नेमका केव्हा आला हे सांगता येणार नाही, पण त्याची मुळे त्या उलट्या हातात आहेत एवढे नक्की.

चामोर्शीला आमच्या माहेरी आले की भाऊजी पिशवीतून स्वतःची चादर काढायचे. आईने जावयासाठी धुऊन, उन्हात तापवून ठेवलेल्या अंथरुणावर ती पसरायचे आणि वर हसून म्हणायचे, "मले दुसऱ्याच्या चादरीवर झोप येत नाई." ते निघाले की त्यांच्या अंगाला न लागलेली आपली चादर आई पुन्हा धुवायची. त्या धुण्यात काय होते हे आईलाच ठाऊक. मी मात्र ओसरीवर बसून त्यांना मनातल्या मनात झटकत असे.

त्यांच्या घरात एक चादर सगळ्यांच्या वरची होती. जाड, शुभ्र, कडेला बाईने पांढऱ्याच दोऱ्याने पिंपळपाने काढलेली. ती ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात असायची. पाहुणे आले की बैठकीतल्या दिवाणावर अंथरली जायची, आणि वैशाख पौर्णिमेला विहारात तथागतांच्या मूर्तीखालच्या चौरंगावर. लोक म्हणायचे, "मधुकरभाऊ, चादर ठेवावं तं तुमीच." आणि मधुकरभाऊ मान तिरकी करून ती स्तुती घ्यायचे, सगळीच्या सगळी, एक कणही बाईकडे सांडू न देता. ज्याच्या मूर्तीखाली ती पसरली जायची त्याने सांगितलेली करुणा मात्र त्यांच्या घरच्या उंबरठ्यावरच चपला काढून थांबली असावी.

धानाची कापणी संपत आली होती तेव्हा बाईला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणले ते उजवे अंग गेलेलेच. बोलणे जड झाले, पण बोलायची. मी चामोर्शीहून गेले, तर ती तिच्या खोलीत नव्हती. मागच्या सपरीत, कौलाखालच्या उघड्या पडवीत, एका बाजेवर होती. खाली मेणकापड आणि त्यावर धानाचे बारदाने, तागाची पोती उसवून, धुऊन अंथरलेली. भाऊजींनी मला ती व्यवस्था मोठ्या कौतुकाने समजावून सांगितली. पोते खराब झाले की फेकता येते, धुणाऱ्याचा त्रास नाही, वास घरात येत नाही. धुणारा कोण, हे मी विचारले नाही. शेजारीण दोन वेळा येऊन सगळे करून जात होती.

बाईच्या डाव्या दंडावर तागाची जाळी उमटली होती. तिने मला खूण करून जवळ बोलावले.

"मले टोचते वं," ती म्हणाली. "एक चादर टाक ना. ते... पिंपळपानाची."

आयुष्यात तिने माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. हे मागितले. आणि मागितलेली वस्तू तिच्याच हातची होती, तिनेच जपलेली, आणि तिची पाठ तिला एकदाही टेकलेली नव्हती.

मी आत गेले. बैठकीत बाईला भेटायला आलेली मंडळी बसली होती. भाऊजींच्या कचेरीतले जुने सोबती, त्यांच्या बायका, हातात चहाचे कप. आणि त्यांच्याखाली दिवाणावर, एकही सुरकुती नसलेली, पिंपळपानांची चादर. आजारी माणूस मागे पोत्यावर आणि आजाऱ्याची विचारपूस करणारे पुढे शुभ्र अंथरुणावर! खिडकीतून आलेले ऊन तिच्यावर इतके सुंदर पडले होते की माझ्या तोंडात थुंकी जमली.

"भाऊजी, बाईले हे चादर पाहिजे."

त्यांनी आवाज खाली आणला. "खराब होईन ते. लोकं येऊन राह्यले भेटाले, त्यायले काय बारदान्यावर बसवू?"

"बाई बसलीच हाये ना बारदान्यावर."

"तिले आता काय समजते?"

हे त्या माणसाने तिच्या पेजेने कडक झालेल्या, तिच्या फुंकरीने राखेपासून वाचलेल्या चादरीकडे बघत म्हटले. मी पाहुण्यांकडे वळले. "उठा जरा," म्हटले. कप सावरत, एकमेकांकडे बघत सगळे उठले. मी चादर ओढली. दिवाणावरची उशी खाली पडली आणि भाऊजी ती उचलायला वाकले. त्या घडीलाही त्यांना उशीच दिसली.

सपरीत मी आणि शेजारीण मिळून बाईला एका कुशीवर केले, पोती काढली, चादर घातली. बाईने डावा हात सुलटा टेकवला. तळवा चादरीला लावून, हळूहळू, कडेच्या पानांपर्यंत नेला. परीक्षा घेणारा हात आणि ओळख पटवणारा हात यांतला फरक मला त्या दुपारी कळला.

"झटकली का?" तिने विचारले.

"झटकली," मी म्हटले.

तिने डोळे मिटले आणि भिंतीवरचे ऊन उतरेपर्यंत झोपली.

मी तिथेच राहिले. चादर खराब झाली, व्हायचीच होती. मी ती धुतली, धुराची दिशा बघून वाळत घातली, ओलसर असतानाच फुंकर मारली आणि पुन्हा बाईखाली घातली. ती वाळेपर्यंत माझी साडी असायची. भाऊजी सपरीच्या दारापर्यंत यायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि चादरीवरचा नवा डाग शोधायचे. त्यांची नजर बाईच्या तोंडापर्यंत पोचल्याचे मी पाहिले नाही. त्यांना घाण वाटत होती. मला त्यांची वाटत होती, आणि माझ्याकडे रुमाल नव्हता.

पळस फुलायला लागला आणि बाई गेली, त्याच चादरीवर. माणसे जमली, त्रिसरण झाले. उचलायच्या वेळी भाऊजी माझ्या कानाशी आले. डोळे पुसलेले होते, रुमाल नीट घडी केलेला होता.

"ते चादर काढून ठेवजो," ते म्हणाले. "जलदानाच्या विधीले लोकं येतीन. लागन."

चादरीची चारही टोके बाईवर घेतली, पिंपळपाने वर येतील अशी, आणि गाठी मारल्या. नदीवर ती तिच्यासोबत गेली.

भाऊजी अजून आहेत, तब्येत ठणठणीत. पंख्याखाली फुलाफुलांच्या विकतच्या चादरीवर झोपतात. शेजारीण सांगते, सकाळचा फट् आवाज अजून होतो, पण झटकलेली चादर दगडावर दुपारपर्यंत पडून राहते आणि तिच्यावर राख बसते. मग ते ती हाताने पुसतात. मध्ये त्यांचा फोन आला होता. हालहवाल न विचारता म्हणाले, "माया, बाई चादरीत काय टाकत होती वं? पांढरी काऊन येत नाई?"

पेज, नीळ, वारा आणि फुंकर. मला सगळे ठाऊक आहे. मी सांगितले नाही, सांगणारही नाही.

माणूस गेले की मागच्यांच्या मनात त्याचा चेहरा राहतो, आवाज राहतो, असे आपण समजतो. पण काही घरांत गेलेल्या बाईची आठवण यायला चादर पिवळी पडावी लागते, आणि तेव्हाही आठवते ती चादरच.