डावीकडची जागा

हृदयाच्या बायपासनंतर बिबवेवाडीच्या त्या व्यायाम केंद्रात आम्हा म्हाताऱ्यांना जोडीजोडीनं चालवतात. नियम एकच: चालताना बोलत राहायचं. बोलता येईना की तिथंच थांबायचं, कारण हृदयावर ताण येतोय. फिजिओथेरपिस्ट अक्षतानं माझी जोडी धायरीच्या तात्यारावांशी लावली. मला बोलायला सांगावं लागत नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं असावं.

तात्याराव माझ्या डावीकडे चालायचे. एका बुधवारी चौथ्या फेरीत ते कोसळले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपले. सगळे म्हणाले, वेळ आली होती. मला मात्र ठाऊक होतं, त्याआधीच्या दोन फेऱ्या ते गप्प होते. बडबड माझ्या एकटीचीच चालली होती, आणि अक्षताला लांबून वाटलं, जोडी छान बोलतेय.

आता मी एकटी चालते, तरी डावीकडे एका माणसाची जागा सोडते. तिथून धाप ऐकू येते. मान वळवून बघायची छाती होत नाही. हल्ली ती घरीही येते, भाजी चिरताना, अगदी खांद्याशी. मला भीती वाटते, उगाच कशाला लपवू?

तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी सुंदराबाई केंद्रावर आल्या. "शेवटी काय म्हनले हो ते?" त्यांनी विचारलं. मी ठोकून दिलं, "तुमचं नाव घेतलं." तेव्हापासून दर बुधवारी त्या दोन बस बदलून येतात, बाकावर बसतात आणि म्हणतात, "परत सांगा ताई, तेवढंच हाय माझ्यापाशी." मी तरी किती रंग भरणार!

काल धाप इतकी जवळ आली की मी सुंदराबाईंच्या बाकाशी थांबले आणि सांगून टाकलं.

"वहिनी, मी खोटं बोलले. ते काहीच म्हणाले नाहीत. ते गप्प झालेत, हे जाणवूनही मी बोलतच राहिले."

सुंदराबाई चिडल्या नाहीत. त्यांनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"मग त्यांनी शेवटी काय ऐकलं, त्ये तरी सांगा."

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

"मी म्हटलं, अहो तात्याराव, जरा पाय उचला. गोगलगायीसुद्धा पुढे गेल्या."

"हसले का?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी पाय उचलले."