रोगाने खाल्लेले पीठ

मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. उझबेकिस्तानातल्या कोकंद शहराच्या जुन्या भागात करोमतच्या अंगणात त्या वेळी एकेचाळीस माणसे होती: चौतीस बायका, पाच म्हातारे, मुहसिन तबीब आणि त्याची वहिनी होसियत. ही मोजणी सनोबरने केली. तिला कोणी करायला सांगितली नव्हती. पिठाच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काढलेल्या बाईचे डोळे आपोआप मोजत राहतात. त्यासाठी मन जागेवर असावे लागत नाही.

अंगणाच्या मध्यभागी, द्राक्षाच्या मांडवाखाली, सनोबरची सून हिलोला खुर्चीवर बसली होती. तिच्यासमोर मुहसिन तबीब, म्हणजे गावठी वैद्य, उभा होता. अंगात डॉक्टरी पांढरा कोट, खिशाला तीन पेने, डाव्या हातात चहाचा साधा पियाला. पियाला पिठाने काठोकाठ भरून वरून सुरीने सपाट केलेला होता.

"नीट बघून घ्या! उणं आहे का कुठं? खोला, तुम्ही बघा. बोट लावू नका, नुसतं बघा."

करोमत सगळ्या गल्लीची खोला, म्हणजे मावशी. तिने वाकून पाहिले. "काठोकाठ आहे हो. मुंगीलासुद्धा जागा नाही."

"आता ऐका. तुमच्या आज्या हेच करायच्या. पियाल्यात पीठ, वर फडकं, आणि आजाऱ्याच्या अंगावरून फिरवायचं. शिकलेले लोक हसले. हसले की नाही? आणि आता? आता परदेशात तेच शिकलेले लोक जमिनीखाली मैल मैल भुयारं खणून कण शोधताहेत. कुठला कण? आजाराचा कण! तुमच्या आजीनं तो या पियाल्यात कधीच धरला होता. याला म्हणतात कणशोषण. गेल्याच वर्षीचा शोध आहे, अजून पुस्तकात यायचाय."

पुस्तकाला ज्याचा पत्ता नव्हता, तो शोध करोमतच्या अंगणात मात्र अगदी वेळेवर पोहोचला होता.

तबीबाने पियाल्यावर फडके टाकले, त्याची टोके पियाल्याच्या बुडाशी मुठीत आवळली आणि पियाला पालथा केला. मग हिलोलाच्या दोन्ही खांद्यांवर, पाठीवर आणि छातीवर सात सात वेळा तो ठोकत, घासत नेला. ओठ पुटपुटत होते. त्यात थोडी प्रार्थना होती, थोडे 'इलेक्ट्रॉन' होते. मग पियाला सुलटा करून त्याने फडके एका झटक्यात काढले.

पीठ एका बाजूने खचले होते. अंडे मावेल एवढा खड्डा.

"खाल्लं!" तबीब ओरडला. "रोगानं पीठ खाल्लं! एवढा मोठा रोग होता हिच्या छातीत!"

बायकांच्या तोंडून एकदम हाय निघाली. हिलोला रडू लागली. तबीब तिच्या कानाशी वाकून बराच वेळ काही बोलला. सनोबरने त्याचे हलणारे ओठ पाहिले. तो काय म्हणाला, हे तिने घरी जाताना विचारले नाही.

ती फारसे काही विचारत नसे. अकरा वर्षांपूर्वी तिची मुलगी सुरय्यो क्षयाने गेली. साध्या औषधांना दाद न देणारा क्षय. तेव्हा त्यावर वीस महिन्यांचे उपचार होते. रोजच्या सुयांनी आधी सुरय्योची श्रवणशक्ती गेली, मग उमेद गेली, आणि चौदाव्या महिन्यात सुरय्यो गेली. त्या दिवसापासून सनोबर सकाळी उठत होती, पीठ चाळत होती, कणीक मळत होती, तंदूरमध्ये नान लावत होती. आणि यातले काहीही तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. हात गरम तंदूरला लागला तरी ती आधी फोड पाहायची आणि मग भाजले असे समजायची.

या वर्षी तोच आजार सुनेला झाला. मुलगा बोतिर रशियात बांधकामावर. सनोबरला ओपा, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या मध्यमवयीन डॉक्टर ओयदिनने खोका समोर ठेवून सांगितले होते, "आता सुया नाहीत, ओपा. नवीन गोळ्या निघाल्यात. सहा महिने, एकशे ब्याऐंशी दिवस. पण एक दिवसही चुकवायचा नाही. आणि काहीही त्रास झाला तर मला कळवायचं, स्वतःच्या मनानं थांबवायचं नाही." सनोबरने खोका घरी आणून मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. सुरय्योच्या वेळी निघाल्या असत्या तर, असा विचार तिच्या मनात आला. पण तोही दुसऱ्या कोणाचा असावा तसा आला आणि गेला. एक ऑगस्टपासून ती रोज सकाळी त्या दिवसाच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून चहाबरोबर सुनेच्या हातात देई आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करी. सप्टेंबरात खोकला थांबला, थुंकी स्वच्छ आली.

मग ऑक्टोबरात तबीब आला. गल्लीत कुजबुज होतीच की बोतिरच्या बायकोला नजर लागली आहे. करोमत बोलवायला आली, तेव्हा सनोबर म्हणाली, "जाऊ दे. तेवढंच तिला बरं वाटेल."

तबीबाने दहा बैठका सांगितल्या. सनोबर रोज सुनेबरोबर गेली. सगळे अंगण तबीबाच्या तोंडाकडे पाही. सनोबरला अलीकडे माणसांचे चेहरे पाहावेसे वाटत नसत. ती खाली, कोपऱ्यातल्या मेजाकडे पाहत बसे. त्या मेजावर होसियत पियाला भरत असे. पहिल्या दिवशी होसियतने पीठ चाळून, वरून भुरभुरत भरले. चौथ्या दिवशी भरताना पियाला दोनदा मेजावर ठक ठक आपटला. सातव्या दिवशी पाचदा आपटला. नवव्या दिवशी आपटून झाल्यावर चमच्याच्या पाठीने दाबलेही. आणि खड्डा? पहिल्या दिवशी अंड्याएवढा, चौथ्या दिवशी अक्रोडाएवढा, सातव्या दिवशी जर्दाळूच्या बीएवढा, नवव्या दिवशी नखाएवढा. सनोबरच्या डोळ्यांनी हे सगळे टिपले. मनाने ते उचलले नाही.

गुरुवारी, २४ तारखेला, शेवटच्या बैठकीच्या सकाळी पुडी देऊन आणि खूण करून झाल्यावर ती पीठ चाळायला बसली. पिंपातले वरचे पीठ संपत आले होते. तिने तळाशी हात घालून भांडे भरले आणि चाळणीत ओतले. पीठ खाली गेले. चाळणीत कागदाच्या नऊ पुड्या राहिल्या.

"हिलोला."

"आले, आई." सून दारात आली आणि तिथेच थांबली.

"हे काय आहे?"

"तबीब म्हणाले, गोळ्या पिठात पुरून ठेव. चाळीस दिवसांत पीठ त्यांचं विष ओढून घेतं. पोटात गेल्या तर पाय आणखी बधिर होतील म्हणाले."

"पाय बधिर झालेत? कधीपासून?"

"महिना झाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आई. दोनदा. तुम्ही 'हं' म्हणालात."

सनोबरने दिनदर्शिकेकडे पाहिले. नऊच्या नऊ दिवसांवर तिच्याच हातच्या, तिच्याच निळ्या पेनाच्या खुणा होत्या.

"मी खूण करत होते ती?"

"तुम्ही खूण करायच्या तेव्हा पुडी माझ्या हातातच असायची. तुम्ही माझ्याकडे कधी बघितलंच नाही."

काटा न पाहता वजनाचा आकडा लिहिणाऱ्या एका मुलीला सनोबरने एकदा प्रयोगशाळेतून घरी पाठवले होते. तिला आता त्या मुलीचे नाव आठवेना.

"पण आई, खोकला थांबलाय ना? वजनही वाढलंय. पियाला खोटं कसं बोलेल? खड्डा रोज लहान होतोय, मी माझ्या डोळ्यांनी बघतेय!"

"खोकला सप्टेंबरात थांबला," सनोबर म्हणाली. "तबीब ऑक्टोबरात आला."

सनोबरने चाळलेले पीठ बरणीत भरले. ते तोंडापर्यंत आले आणि थोडे बाहेर उरले. रोजच्या सवयीने तिने बरणी ओट्यावर चार वेळा आपटली. पीठ चार बोटे खाली बसले. उरलेले ओतण्यासाठी तिने हात उचलला आणि तो तसाच राहिला.

या बरणीतले पीठ कोणत्या रोगाने खाल्ले होते?

गिरणीत हा प्रयोग तिने हजारो वेळा केला होता. तेच पीठ, तेच वजन. चाळून ओतले तर जास्त जागा व्यापते, आपटले की कमी. मधली हवा निघून जाते. दिवसातून तीन वेळा त्याची नोंद करून तिने पोट भरले होते. नऊ दिवस तेच समोर चालले होते आणि ती पाहत बसली होती.

"चाळणी घे," ती सुनेला म्हणाली. "आणि चप्पल घाल."

अंगणात आज त्रेसष्ट माणसे होती. होसियत पियाला आपटत होती.

"आज शेवटचा पियाला!" तबीब सांगत होता. "आज खड्डा पडणार नाही. आज गोळ्यांना रामराम!"

"थांबा," सनोबर उभी राहिली. "आजचा पियाला मी भरते."

"ओपा, या कामाला साधा हात चालत नाही. हात भारलेला लागतो."

"हात माझा असू दे, अंग तिचं आहे, पीठ तुमचंच आहे. तुमचा कण हात बघून येतो का?"

कोणीतरी हसले. तबीब काही बोलायच्या आत तिने होसियतचे पीठ चाळणीतून पियाल्यात भुरभुरले आणि सुरीने सपाट केले. "खोला, काठोकाठ आहे?"

"आहे बाई."

सनोबरने फडके बांधले, पियाला पालथा केला. पण हिलोलाकडे न जाता ती पायरीवर ठेवलेल्या भोपळ्याकडे गेली. करोमतने तो सामशांच्या, म्हणजे भाजलेल्या समोशांच्या, सारणासाठी आणून ठेवला होता. सनोबरने त्याच्यावर सात ठोके दिले, पुन्हा सात, पुन्हा सात, पुन्हा सात. फडके काढले. अंडे मावेल एवढा खड्डा.

मग मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, खोला! तुमच्या भोपळ्याला क्षय झालाय!"

"सामसे करू नका हं, पुरून टाका त्याला!" दुसरी म्हणाली, आणि अंगण हसू लागले.

"भोपळ्यालाही जीव असतो!" तबीब गडबडीने म्हणाला. "वनस्पतींच्या लहरी—"

"मग हा खांब." सनोबरने पुन्हा पीठ चाळून पियाला भरला आणि मांडवाच्या लोखंडी खांबावर ठोकला. तोच खड्डा. "लोखंडाच्या कुठल्या लहरी?" उत्तराची वाट न पाहता ती म्हणाली, "आता होसियतसारखा भरते." तिने पियाला मेजावर दहा वेळा आपटत, चमच्याने दाबत भरला. "हैदर-ओता, तुम्हाला दमा आहे ना?"

"चाळीस वर्षं झाली, पोरी," हैदर आजोबा म्हणाले.

त्यांच्या पाठीवर अठ्ठावीस ठोके पडले. फडके काढले. पीठ जसेच्या तसे.

"बरा झालो की मी!" आजोबा म्हणाले आणि हसता हसता त्यांना अशी ढास लागली की दोघांनी धरून त्यांना बसवले.

तबीबाचा चेहरा कोटासारखा पांढरा झाला. "जवळ विश्वास नसलेला माणूस असला की कण बिथरतो! शोध नवा आहे, नाजूक आहे—"

"नवा शोध माझ्या घरात मिठाच्या बरणीशेजारी आहे," सनोबर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती गिरणीतला अहवाल वाचत असावी तसे बोलत होती. "तो लावणाऱ्यांनी हजारो माणसांवर तपासला, चुका मोजल्या, त्रास काय होतो तेही लिहून ठेवलं. माझी मुलगी गेली तेव्हा तो नव्हता. सून आजारी पडली तेव्हा आहे. तुमच्यामुळे तो नऊ दिवस पिठात पडून राहिला. आणि माझ्यामुळेही. मी बघितल्याशिवाय खुणा केल्या." मग ती बायकांकडे वळली. "खोला, पियाला धरा. तुम्ही करा. मग तुम्ही करा. ज्याला त्याला आपल्या हातानं करून बघू द्या. खरी गोष्ट कुणाच्याही हातून घडते. एकाच माणसाच्या हातून घडली तर आधी त्याचा हात बघा. आणि आजारी माणूस काही सांगत असेल तर 'हं' म्हणू नका. त्याच्याकडे बघा."

पियाला हातोहात फिरला. भोपळ्याला त्या सकाळी अकरा वेळा क्षय झाला. तेवढ्यात तबीब आणि होसियत पीठ तिथेच टाकून निघून गेले होते. तीन बायका त्यांच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. सगळे जण एका सकाळीत शहाणे होत नाहीत.

दुपारी डॉक्टर ओयदिनने हिलोलाच्या तळव्यांना कापूस लावून, टोचून पाहिले. "हा गोळ्यांपैकी एकीचा त्रास आहे, माहीत असलेला. तिचं प्रमाण कमी करू. उद्यापासून पुन्हा सुरू. चुकलेले नऊ दिवस शेवटी जोडायचे." मग ती सनोबरला म्हणाली, "ओपा, महिनाभर आधी यायला हवं होतं."

"हो," सनोबर म्हणाली.

घरी येताना हिलोलाने विचारले, "आई, रागावलात?" सनोबरने उत्तर शोधले. राग सापडला नाही, दुःखही सापडले नाही. तिने फक्त सुनेची चाल पाहिली. डावा पाय किंचित ओढत पडत होता. तिने आपला वेग कमी केला.

दुसऱ्या दिवसापासून खूण करण्याचा क्रम बदलला. आधी पुडी, मग पाणी, मग "तोंड उघड", मग "पाय कसे आहेत?" आणि उत्तर ऐकून झाल्यावर निळे पेन. डिसेंबरात एका सकाळी नान काढताना सनोबरचे मनगट तंदूरला लागले. तिने झटकन हात मागे घेतला, आणि मग किती तरी वेळ त्या चटक्यावर फुंकर घालत उभी राहिली.

शेवटची पुडी शुक्रवारी, ७ फेब्रुवारी २०२५ रोजी घेतली गेली. थुंकीचा अंतिम अहवाल मार्चच्या अखेरीस आला. पोटात गेलेल्या पुड्या १८२. जंतू ०.