लाल दिव्याचा पट्टा

मित्रांनो, मी डोक्याला बांधायचा एक जुना पट्टा आहे. दोन ओले स्पंज, दोन तारा आणि एक दिवा, एवढाच माझा संसार. कणकवलीच्या डॉक्टर गुरुप्रसादांकडे मी नोकरीला आहे. मी मेंदूला अगदी बारीक वीज देतो. डोक्याशी नीट जुळलं की माझा दिवा हिरवा, नाहीतर लाल. याहून जास्त मला बोलता येत नाही.

रसिका तारकर्लीची. अमेरिकेत जंगलांचा अभ्यास करताना तिला गोचीड चावली आणि लाइम नावाचा आजार जडला. औषधांनी ताप गेला, पण डोक्यातलं धुकं राहिलं. शेकडो झाडांची नावं पाठ असलेल्या मुलीला चमचा मागताना शब्द सापडेना. तिचा प्रबंध अर्ध्यावर अडला आणि ती घरी परतली. "गुण येईलच असं नाही, पण महिनाभर करून पाहू," डॉक्टर म्हणाले. केसांना तेल लावू नकोस, असं बजावून त्यांनी मला तिच्या हाती दिलं. तिची आई नर्मदाबाई तेव्हा औषधांच्या रांगेत होती.

घरी रोज एकच प्रकार. मला बांधण्याआधी आई मायेने लेकीच्या डोक्यावर खोबरेल थापायची. "डोक्याक थंडावो येतलो गो." तेलातून वीज जाणार कशी? मी लाल. रसिका केसांकडे बोट दाखवी, "आये, ह्या... ह्या..." शब्द काही येईना. "आणखी घालू?" म्हणत आई आणखी ओती. मला ओरडावंसं वाटे. अडकलो होतो आम्ही दोघं, ती तिच्या डोक्यात आणि मी तिच्या डोक्यावर.

आठव्या दिवशी "मशीनच बिघडला वाटता" म्हणत आईने माझी रवानगी कपाटात केली. चोर सोडून संन्याशाला फाशी! डांबरगोळ्यांच्या वासात मी पंधरा दिवस पडून होतो. बाहेर रसिका काही सांगू पाही आणि आई तिचं वाक्य आपणच पुरं करी. ते ऐकून मला फार वाईट वाटे.

एका सकाळी कपाट उघडलं. रसिकाचे केस शिकेकाईने धुऊन वाळवलेले होते. तिने तेलाची बाटली आईपुढे ठेवली, मानेने नाही म्हटलं आणि मला बांधलं. दिवा हिरवा झाला.

नर्मदाबाईने एकदा हिरव्या दिव्याकडे आणि एकदा तेलाच्या बाटलीकडे पाहिलं. "माका कित्याक सांगलंस नाय गो?"

रसिका शब्द शोधू लागली. या वेळी आई मध्ये बोलली नाही.

"सांगत होतंय," बऱ्याच वेळाने रसिका म्हणाली. "तू... थांबलंस नाय."

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाचा शब्द वाटेत अडकला असेल, तर तेवढं थांबा.