नऊ इंच

फुटपाथच्या कडेच्या दगडाला टेप लावून ती उकिडवी बसली होती आणि वर उभा असलेला आरेखक पेन सरसावून आकड्याची वाट पाहत होता.

"नऊ," ती म्हणाली.

"इथेही नऊच. साहेबांनी नऊ म्हटलं म्हणजे नऊ. शहरभर कुठेही मोजा, इंचाचा फरक सापडायचा नाही."

ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिचं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. समोरच्या कडेने, धावत्या गाड्यांपासून अंग चोरत, एक उंच म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते. शेजारीच फुटपाथ होता. रुंद, रिकामा, सावलीतला. एका जागी थांबून त्यांनी काठी वरच्या फरशीवर ठेवली, डावा पाय उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि पुन्हा रस्त्यावर टेकवला. मागून आलेल्या बसने भोंगा वाजवला. ते दगडाला चिकटून उभे राहिले. बस गेल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बाही झटकली आणि काहीच झालं नाही अशा ऐटीत पुन्हा रस्त्यावरूनच चालू लागले.

"कोण हो?" आरेखकाने डोळे बारीक करून विचारलं. त्याला लांबचं धड दिसत नसे.

"कुणी नाही," ती म्हणाली आणि टेप गुंडाळू लागली.

ते तिचे सासरे होते. आणि तो नऊ इंचांचा दगड त्यांचाच होता.

शहरातला रस्ता किती रुंद असावा, गटाराला उतार किती, पुलाचा कठडा किती उंच, हे सगळं ज्या जाडजूड निळ्या पुस्तकात लिहिलं होतं, ते त्यांनी मुख्य अभियंता असताना लिहिलं होतं. ऑफिसात त्यांच्यानंतर कितीतरी साहेब आले आणि गेले, पण नुसतं 'साहेब' म्हटलं की अजूनही तेच समजायचे. नऊ इंचांची गोष्ट तर सगळ्यांना तोंडपाठ होती. एका शाळेसमोर, शाळा सुटायच्या वेळी, एक ट्रक फुटपाथवर चढला होता. त्यानंतर साहेबांनी दगड इतका उंच केला की पुन्हा कुठलंही चाक वर चढू नये. चाकं चढली नाहीत. पुढे शहरात म्हातारी माणसं वाढली, कुबड्या आल्या, चाकाच्या खुर्च्या आल्या, बाबागाड्या आल्या, आणि ती सगळी रस्त्यावरून चालू लागली. गेल्या वर्षभरात त्यातली काही घरी परतली नव्हती.

ते पुस्तक बदलायचं काम आता तिच्या टेबलावर आलं होतं. घरात मात्र तिने अवाक्षर काढलं नव्हतं.

"तू आपणहून सांगू नकोस," नवरा म्हणाला होता. "कळेल तेव्हा कळेल." घरात भांड्याला भांडं लागायची चिन्हं दिसली की त्याला नेमकी पाय मोकळे करायची आठवण व्हायची. "बाबांना पुस्तक म्हणजे मुलगी आहे. मी नुसता मुलगा."

सांगायची वेळ त्याच संध्याकाळी आली, तीही तिच्या हातात न राहता. सासऱ्यांनी जेवता जेवता सहज सांगावं तसं सांगितलं, "परवा मला ऑफिसात बोलावलंय. पाहुणा म्हणून. पुस्तकावर कसली तरी बैठक आहे म्हणे."

नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि तो तोंडापाशी तसाच धरून ठेवला.

"तुझ्याच विभागात ना?" सासऱ्यांनी तिला विचारलं.

"हो."

"बोलली नाहीस."

ती उठली. हात धुऊन आली आणि बॅगेतला मसुदा काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"मीच लिहिलाय, बाबा. बाकी बरंच तसंच ठेवलंय. पण तुमचे नऊ इंच मी पाच केलेत, आणि प्रत्येक चौकात फुटपाथवर चढायला उतार दिलाय."

सासऱ्यांनी वरचं पान पाहिलं. मग ताट थोडं पुढे सरकवलं.

"माझा चष्मा आणतेस का?" ते बायकोला म्हणाले.

"आधी जेवून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "दगड कुठे पळून जात नाहीत."

ते जेवले. मग मसुदा घेऊन आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसरा दिवस गेला. हूं नाही की चूं नाही. चहा आत गेला, रिकामा कप बाहेर आला. ऑफिसातून परत आल्यावर तिने सासूबाईंना गाठलं.

"काही म्हणाले का?"

"मला काय विचारतेस? इतकी वर्षं संसार केला, पण त्यांच्या मनाचा नकाशा माझ्याकडून अजून पास झालेला नाही." त्यांनी ओट्यावरून फडकं फिरवलं. "दुपारी पट्टी मागितली होती. लाकडी. ती दिली."

पट्टी कशाला, हे तिला विचारवेना.

बैठकीच्या दिवशी सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत तिच्या शेजारी बसले. वाटेत त्यांनी फक्त एकदाच तोंड उघडलं, तेही पुढचा सिग्नल बंद आहे हे सांगायला. ऑफिसच्या दारात माणसं उभी होती. कुणी हात जोडले, कुणी काठी धरायला पुढे झालं, ती त्यांनी दिली नाही. सभागृहात त्यांना अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची होती. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

तिने मसुदा मांडला. उताराचं चित्र दाखवलं, अपघातांचा नकाशा दाखवला. ती खाली बसताच रस्ते विभागाचे प्रमुख उठले. वर्षानुवर्षं साहेबांच्या हाताखाली काम केलेला माणूस. त्यांच्या हातात शंकांनी भरलेला एक कागद होता, पण त्यांनी सुरुवात त्याच्याकडे न पाहताच केली.

"मला काम वाढेल याची तक्रार नाही. पण हे नऊ इंच कुणी ठरवले? ते इथे समोर बसलेत. त्यांनी ठेवलेल्या आकड्याला हात लावायचा, तोही त्यांच्या देखत? आपण लहान तोंडी मोठा घास घेतोय."

सगळ्यांच्या माना अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. तिने टेबलाखाली आपली बोटं एकमेकांत अडकवली.

सासऱ्यांनी चष्मा लावला.

"मला काही विचारायचंय, मॅडम," ते म्हणाले.

घरी ते तिला 'अगं' म्हणायचे. 'मॅडम' ऐकून ती खुर्चीत सरळ बसली.

"पाच इंचांवर ट्रकचं चाक सहज चढतं. शाळेसमोर काय कराल?"

"शाळा, दवाखाने आणि बसथांब्यांसमोर लोखंडी खांब आहेत, सर. माणूस जाईल, गाडी जाणार नाही एवढ्या अंतरावर. उताराच्या तोंडाशीसुद्धा."

"खांब किती खोल पुरणार?"

तिने सांगितलं.

"हं. उताराच्या पायथ्याशी पाणी साचेल. त्या डबक्यातून म्हातारी माणसं जाणार का?"

"गटाराची जाळी उताराच्या आधी, पाणी येतं त्या बाजूला घेतलीय. पाणी पायथ्यापर्यंत पोचतच नाही."

"ज्याला दिसत नाही, तो काठीने कडेचा दगड चाचपून थांबतो. तुम्ही दगडच सपाट केलात. त्याला फुटपाथ संपला हे कसं कळणार?"

"तिथे उठावाच्या ठिपक्यांची फरशी आहे. पायाला कळते, काठीलाही कळते."

बोलता बोलता तिची नजर रस्ते विभागाच्या प्रमुखांकडे गेली. ते आपल्या कागदावर खाली मान घालून एकेक ओळ खोडत होते. ट्रकची. पाण्याची. आता तिसरी. तिने पुन्हा सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्यापुढे मसुदा उघडा होता, आणि ज्या पानावर ठिपक्यांच्या फरशीचं मोठं चित्र होतं, नेमक्या त्याच पानावर त्यांची लाकडी पट्टी आडवी ठेवलेली होती.

उत्तर त्यांनी आधीच वाचलेलं होतं. तिची बोटं सैल झाली.

"आणि उतारासमोर कुणी गाडी लावून ठेवली तर?" सासऱ्यांनी विचारलं.

ती उत्तरासाठी पानं चाळू लागली, मग थांबली. "ते राहिलंय, सर."

"राहिलंय ना? लिहून घ्या. नाहीतर उतार राहील चित्रात आणि माणूस राहील रस्त्यात."

कुणीतरी हसलं. तिने लिहून घेतलं.

"साहेब, तुमचं स्वतःचं मत?" अध्यक्षांनी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून मिटला.

"त्या वेळी ट्रक अडवायचा होता. तो अडला. आता माणसाला वर चढवायचंय." त्यांनी मसुदा अध्यक्षांकडे सरकवला. "पाच ठेवा. नऊ माझे होते म्हणून ठेवू नका."

रस्ते विभागाच्या प्रमुखांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. मसुदा मंजूर झाला. टाळ्या फार वाजल्या नाहीत. चहा आला आणि लोक खुर्च्या सरकवत उठले.

परतताना गाडी फाटकाबाहेर पडली.

"घाबरली होतीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो."

"मीही."

"तुम्ही कशाला, बाबा?"

"तू उत्तरं दिली नसतीस, तर मला नऊच्या बाजूने उभं राहावं लागलं असतं. सून म्हणून सोडता आलं नसतं." त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये नीट उभी केली. "खांबांचं पान मी दोनदा तपासलं. नकाशातलं अंतर पट्टीने मोजून पाहिलं. बरोबर निघालं, तेव्हा कुठे रात्री पाठ टेकली."

"मग काल एक शब्द तरी बोलायचा."

"काल बोललो असतो, तर आज तू माझ्या भरवशावर उभी राहिली असतीस."

तिने गाडी वळणावर घेतली. मग तिला हसू आलं. ते दाबायचा तिने प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"मला वाटायचं, मी असेपर्यंत त्या आकड्याला कुणी हात लावणार नाही," सासरे खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "मान देऊन देऊन माझा पार पुतळा करून टाकला होता लोकांनी. पुतळ्याला कोण विचारतं, की बाबा रे, तुझा गुडघा कसा आहे?"

"कसा आहे गुडघा?"

"दुखतो," ते म्हणाले. आजवर त्यांच्या तोंडून हा शब्द तिने ऐकला नव्हता.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ या."

"जाऊ या," ते म्हणाले. एवढ्या सहज, की तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटत आले होते.

पुढच्या सिग्नलला ते झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात काठीवरून घसरून मांडीवर आलेला. तिने गाडी हळू घेतली. खड्डे चुकवत, गतिरोधकांवरून जवळजवळ थांबत ती घराशी आली आणि झाडाच्या सावलीत गाडी उभी करून तिने इंजिन बंद केलं.

सासूबाई गॅलरीत आल्या होत्या. त्यांनी वरूनच हाताने विचारलं, काय झालं? बिनसलं का?

तिने नाही म्हणून मान हलवली. मग तळहात गालाला लावून डोळे मिटून दाखवले.

सासूबाई कठड्यावरून वाकून बराच वेळ गाडीच्या काचेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनीही हातानेच सांगितलं, राहू दे, उठवू नकोस, आणि पाऊल न वाजवता आत गेल्या, जणू त्यांच्या पावलांचा आवाज खालपर्यंत आला असता.

तिने आपल्या बाजूची काच खाली केली. वारा आत आला. तिने चपला काढल्या, सीट थोडी मागे सरकवली आणि शेजारच्या संथ घोरण्याकडे कान देत तीही तशीच बसून राहिली.