नर्सबाईंचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे, अॅम्ब्युलन्समधला. कारंजा घाडग्याच्या एका दवाखान्यामागे जी भंगार गाडी उभी आहे, तिच्या पोटात मी पडून असतो. रेक्झिन फाटून माझा काथ्या बाहेर आलाय आणि उंदरांनी त्यात संसार थाटलाय. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. निदान ते माझ्याजवळ राहतात तरी.

१९९४ साली नागपूरच्या कारखान्यात मला ठोकलं, तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "हा नर्सबाईचा." केवढा ऐटीत कारंजाला आलो मी! पण वॉर्डात नर्स मोजून दोन. गाडीत कोण बसणार? पेशंट स्ट्रेचरवर घालायचा, 'नागपूरला हलवावे' अशी चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात द्यायची आणि दार लावायचं, अशी तिथली रीत. माझ्यावर बसायचे रडणारे नातेवाईक. परत येताना ड्रायव्हर तानबा माझ्यावर संत्र्याची पेटी ठेवायचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

१९९८ च्या उन्हाळ्यात हायवेवर ट्रकनं उडवलेला एक मजूर आला. तो बेशुद्ध होता. माझ्यावर त्याची बायको बसली. वाटेत तिनं मायेनं त्याच्या तोंडात पाणी ओतलं. त्याला ठसका लागला, तो निळा पडला आणि कोंढाळीच्या अलीकडेच गेला. मी अगदी हातभर अंतरावर होतो, पण बाकाला हात नसतात.

तानबानं हे वॉर्डातल्या सुनीती सिस्टरांना सांगितलं. "मी गाडी चालवू का मांगं पाहू, सिस्टर?"

त्याच दुपारी सिस्टर उभ्या गाडीत येऊन माझ्यावर बसल्या. बारा वर्षं वॉर्डात काढलेली बाई. आजवर दारापर्यंतच आलेली. त्यांच्या हातात एक अर्ज होता. नागपूरची एक संस्था हायवेवर अपघाताची गाडी सुरू करणार होती. सहा महिने शिकायचं आणि मग पेशंटसोबत गाडीतच राहायचं. पण त्यासाठी पक्की नोकरी सोडावी लागणार होती.

"घरचे काय म्हणतात?" तानबानं विचारलं.

"हे म्हणतात, डोकं फिरलं काय तुझं? सरकारी नोकरी कोणी सोडते काय?" सिस्टरांनी अर्जाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. ती घडी तीन महिने पर्समध्येच राहिली.

मग धीरज आला. बाजारातल्या किराणा दुकानदाराचा तरुण मुलगा. स्कूटरवरून पडून पोटाला जबर मार लागलेला. सिस्टरांची ड्युटी संपली होती. त्यांनी दार लावलं, पण आतून. मित्रांनो, चालत्या गाडीत माझ्यावर नर्स बसली! मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची आजही लाज वाटते.

धीरज अर्धवट शुद्धीत होता. सिस्टर त्याच्या तोंडातलं रक्त पुसत होत्या, नाडी बघत होत्या. तो एकच शब्द बोलत होता. "पाणी."

त्याची आई, सुलोचनाबाई, बाटली घेऊन पुढे झाल्या. सिस्टरांनी त्यांचा हात धरला.

"एक घोट देऊ दे न माय. घसा कोरडा पडला त्याचा."

"नाई देता येत, काकू. छातीत जाईन पाणी."

कोंढाळी मागे पडली, बाजारगाव मागे पडलं, तरी तो पाणीच मागत होता. मग मागायचा थांबला. नागपूरच्या हॉस्पिटलच्या दारात डॉक्टर म्हणाले, आतून रक्तस्राव होऊन तो गेला. सुलोचनाबाईंनी सिस्टरांकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "माह्या लेकराले तहानेलं मारलं तू."

परतताना कारंजा मला त्याच्याही पुढच्या तळेगावच्या फाट्याइतकं लांब वाटलं. शेवटी तानबाच म्हणाला, "राहू द्या सिस्टर. आपला वॉर्डच बरा."

"ओल्या बोळ्यानं ओठ तरी भिजवायचे होते, तानबाभाऊ. तेवढं चालते. मले सुचलंच नाई." त्या माझ्यावर ओणव्या होऊन रडल्या. "वॉर्डात सुचते सगळं. पळत्या गाडीत सुचत नाई. हे शिकाच लागते."

दुसऱ्या दिवशी अर्ज गेला. सिस्टर धीरजच्या घरीही गेल्या होत्या, पण सुलोचनाबाईंनी दार उघडलं नाही. आजही उघडत नाहीत, असं तानबा सांगतो.

सिस्टर गेल्या त्या दुसऱ्या गाडीवर, दुसऱ्या बाकावर. किती जण त्यांच्या हाती वाचले असतील, मला ठाऊक नाही. माझ्यावर २००५ पर्यंत, म्हणजे गाडी भंगारात जाईपर्यंत, पुन्हा नातेवाईकच बसले. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली होती आणि प्रत्येकाची माया खरी होती. मी पाहत राहिलो.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घायाळ माणसाला पाणी पाजू नका. ज्याला यातलं कळतं अशा माणसाला विचारून फक्त ओठ भिजवा. आणि कोणी तुमचा हात धरला, तर त्या बाईला शाप देऊ नका. तीही त्या रात्री घरी जाऊन पाण्याचा पेला तोंडाला लावते, आणि तिच्याही घशाखाली घोट उतरत नाही.