बोटभर जागा

सातव्या डोक्याचं कपाळ घासून होत आलं होतं, तेवढ्यात शाळेचा शिपाई सायकलवरून उतरला. सायकल त्याने नुसतीच भिंतीला टेकवली. ती घसरून पडली तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही. सुताराने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"चला," शिपाई म्हणाला. "बाईंना बरं वाटत नाहीये."

"काय होतंय?"

"चला तर खरं."

दवाखान्याच्या दारात प्राचार्या उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून सुताराला कळलं की 'बरं वाटत नाहीये' हे शिपायाने फक्त वाटेपुरतं म्हटलं होतं.

वर्गात सिनेमा चालू होता, असं नंतर मुलांनी सांगितलं. बाईंनी तो मध्येच थांबवला, खिडक्या उघडायला लावल्या, "उरलेला गुरुवारी बघू" म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मुलांना वाटलं, दमल्या असतील. कुणीतरी पाणी आणलं. तो ग्लास तसाच राहिला.

बाई म्हणजे सुताराची बायको. ती हस्तकलेच्या शाळेत टोप्या करायला शिकवायची. लोकरीचं जाड फेल्ट वाफेवर मऊ करायचं, लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवायचं, दोरीने आवळायचं आणि वाळू द्यायचं. ठोकळा डोक्याच्या मापाचा हवा. ही ठोकळ्याची डोकी सुतार करायचा. सव्वीस वर्षं हा घरचा धंदा होता. ती वहीतून माप वाचायची, तो फळीवर पेन्सिलीने लिहायचा. ती शाळेतून निरोप पाठवायची, "उद्या तीन डोकी लागतील." शेजारी नवीन आलेल्या भाडेकरूंनी पहिला महिनाभर त्यांच्याशी बोलणंच टाळलं होतं.

लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी तिने एक ठोकळा परत आणला होता. सूतभर फरक होता, म्हणजे इंचाचा आठवा भाग. "फळीवरची कामं करता तुम्ही," ती म्हणाली. "फळी कुरकुरत नाही. डोकं कुरकुरतं." त्यानंतर त्याचं माप सूतभरही चुकलं नाही. हा त्याचा मोठा अभिमान होता. बोलून दाखवायचा नाही, पण होता.

दरवर्षी ती मुलांना एक सिनेमा दाखवायची आणि त्यावरून शाळेच्या प्रदर्शनासाठी टोप्या करायला सांगायची. यंदाचा सिनेमा जुना होता, मुका. दीपगृहाचा एक रखवालदार. वादळात त्याची टोपी उडते आणि तो ती शोधत निघतो, एवढीच गोष्ट. "यंदा वारा हाच विषय," ती घरी म्हणाली होती. "वाऱ्यात टिकेल अशी टोपी, नाहीतर वाऱ्यानेच केलीय असं वाटेल अशी. तुम्हीही या ना बघायला."

"सरस वाळायला लावलाय. तूच सांग शेवट काय होतो."

"शेवट सांगत नसतात. या बघायला."

तो गेला नाही. कुठल्याच वर्षी गेला नव्हता. दरवर्षी काही ना काही वाळायला लावलेलं असायचं.

धाकटी बहीण दहा दिवस येऊन राहिली. जायच्या आदल्या दिवशी तिने पाहिलं, तर भाऊ पुन्हा कानस घेऊन बसलेला.

"आता कशाला ती लाकडं, दादा? जरा पडून राहा."

"बारातली सात झालीत. पाच राहिलीत."

"कुणाची?"

"पोरांची."

बहीण उठून आत गेली. चहा आणून ठेवला, आणि तो निवल्यावर पुन्हा गरम करून आणला.

उरलेल्या पाच जणांची मापं बाईंच्या वहीत नव्हती. मुलांनी ती आपसात घेऊन कागदावर लिहून आणली होती. त्यांतली एक उंच मुलगी सगळ्यांची पुढारी. तिने कागद दिला आणि म्हणाली, "काका, आम्ही प्रत्येक डोकं तीन-तीनदा मापलंय. एका सुताचीही चूक नाही."

"मग माझीही नसेल," सुतार म्हणाला.

पाच डोकी त्याने नऊ दिवसांत केली. हात चालत होता तोवर बरं होतं. हात थांबला की घरातलं सगळं जागच्या जागी दिसायचं, आणि त्याचाच त्रास व्हायचा.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले असताना दुपारी मुलं ठोकळे घेऊन कारखान्यात आली. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. आत बारा जण उभे राहिल्यावर भुश्शालाही जागा उरली नाही. पाच जणांच्या कपाळावर लाल वळ होते.

"काका, रागवू नका," उंच मुलगी म्हणाली.

"आधी सांग, मग रागावतो."

"पाच टोप्या घट्ट झाल्यात. डोकं दुखतं."

"डोक्यात शिरतच नाही," मागून बडबडी म्हणाली. त्या मुलीला सगळे बडबडीच म्हणत आणि तिचीही हरकत नव्हती. "माझी शिरते, पण मग निघत नाही. काल जेवताना आई म्हणाली, आता लग्नातही हीच घाल."

कुणी हसलं, कुणी तिला कोपराने ढोसलं. सुतार हसला नाही. त्या पहिल्या वर्षीच्या ठोकळ्यानंतर आज पहिल्यांदा त्याच्या हातचं काम परत आलं होतं, आणि ज्या माणसाने आणायला हवं होतं ते आता नव्हतं.

"प्राचार्या म्हणतात," उंच मुलगी पुढे म्हणाली, "ही पाच टेबलावर मांडा, बाकीचे सात जण घालून चालतील. पण बाई म्हणायच्या, टेबलावर ठेवलेली टोपी म्हणजे झाकण. आम्हाला बाराच्या बारा डोक्यावर हव्यात."

"आण ठोकळा इकडे."

त्याने टेप लावला. कागदावर होतं तेवढंच भरलं. मग बडबडीचं डोकं मापलं. तेही तेवढंच.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"बरोबर आहे तर दुखतं कसं?" बडबडीने विचारलं.

सुताराने ठोकळा बाजूला ठेवला. मग उंच मुलीला जवळ बोलावलं. तिची टोपी बाईंच्या मापाची, नीट बसलेली. तिचा ठोकळा मापला, मग तिचं डोकं मापलं. डोकं चार सूत लहान निघालं.

त्याने पुन्हा मापलं. चारच सूत.

म्हणजे जे नीट बसत होतं तेच माप चुकलेलं होतं. सव्वीस वर्षं तो जी डोकी अचूक म्हणून देत होता, त्यांतलं एकही डोकं कुणाच्या डोक्याएवढं नव्हतं.

"बाई माप कशा घ्यायच्या?" त्याने विचारलं.

"अशाच. टेपने," उंच मुलगी म्हणाली.

"तशाच नाही काही," बडबडी म्हणाली. "टेपखाली बोट घालायच्या. हे, पहिलं बोट. इथे कपाळावर. त्यांचं बोट गार असायचं. मी विचारलं होतं, बाई, बोट कशाला? तर म्हणाल्या, डोक्याला श्वास घ्यायला नको का?"

"आणि हे मला आत्ता सांगतेस?" उंच मुलगी म्हणाली.

"तू विचारलंस कुठे? तू तर म्हणालीस, मध्येमध्ये बोलू नकोस, माप चुकेल."

सुतार स्टुलावर बसला. बोट त्याला कधीच कळलं नव्हतं. कळणार कसं, तिने माप घेताना त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्याला फक्त आकडा माहीत होता.

त्याने स्वतःचं बोट टेपखाली घालून पाहिलं. सुताराचं बोट, सहा सुतांवर गेलं. उंच मुलीचं बोट तीन सूत भरलं. मग त्याने बाईंच्या मापाच्या सातही जणांना रांगेत उभं केलं. एकेकाचा ठोकळा मापायचा, डोकं मापायचं आणि फळीवर फरक लिहायचा. चार. चार. चार. सहावं डोकं, चार.

सातवा प्रोफेसर होता. जाड चष्म्याचा मुलगा, कमी बोलणारा, म्हणून प्रोफेसर. त्याचं पाच आलं.

"पुन्हा बघा काका," उंच मुलगी म्हणाली.

पुन्हा पाच आलं.

"तुझं माप बाईंनी कधी घेतलं?" सुताराने विचारलं.

"शेवटी. सिनेमाच्या आदल्या दिवशी."

सुताराने फळीवर पाच लिहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. त्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी तिने हे सातवं माप वाचून दाखवलं होतं. आणि वही मिटताना म्हणाली होती, "अहो, दोन दिवस झाले, अंगठी रुततेय. बोटं सुजल्यासारखी वाटतायत." तो आकडा उतरवून घेत होता. मान वर न करता म्हणाला होता, "साबण लाव."

सूतभर सूज. ती त्याच्याकडे लिहून आली होती, आणि त्याने ती लाकडात कोरूनही ठेवली होती.

"काका?" बडबडीने हळूच विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "लाकूड कमी करता येतं, वाढवता येत नाही. चामडं लागेल."

घरात कमरेचे तीन पट्टे होते. दोन खुंटीवरचे, एक अंगावरचा. ठोकळ्याच्या कपाळाच्या रेषेवर चामड्याची एक पट्टी फिरवली की भोवताली बरोबर चार सूत वाढत होते. त्याने पट्टे कापायला घेतले.

"काका, पँटचं काय?" बडबडीने विचारलं.

"दोरी बांधीन. टोपीला चालते, मला न चालायला काय झालं?"

तो महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी हसण्यासारखं बोलला होता. पण हसावं की नाही हे मुलांना कळेना. मग प्रोफेसरच आधी हसला.

संध्याकाळपर्यंत पाचही ठोकळ्यांना पट्ट्या बसल्या. मुलांनी दोन दिवस टोप्या पुन्हा वाफेवर धरल्या, ताणल्या, आवळल्या. तिसऱ्या दिवशी निरोप आला, बसल्या. बडबडीने खाली लिहिलं होतं, निघतेही.

प्रोफेसरची टोपी सैल होती. सुतार म्हणाला, "आण, आतून पट्टी लावून देतो. दोन मिनिटांचं काम."

"राहू द्या काका," प्रोफेसर म्हणाला. "मी धरीन."

प्रदर्शनाला सुतार मागच्या रांगेत बसला. कमरेला नवा पट्टा होता, बहिणीने पाठवलेला. मुलांनी व्यासपीठाच्या एका टोकाला मोठा पंखा लावला होता, तेच वादळ. एकेक जण त्याच्यासमोरून चालत गेला. उंच मुलीच्या टोपीवर दीपगृहाचा जिना वळत वर गेला होता. बडबडीची टोपी म्हणजे उलटी झालेली होडी होती. कुणाची लाट होती, कुणाची फाटकी शिडं. पंखा जोरात होता, कपडे फडफडत होते, पण टोप्या हलल्या नाहीत. बोटभर जागा होती आतमध्ये, तरी हलल्या नाहीत.

शेवटी प्रोफेसर आला. साधी करडी टोपी, रखवालदाराची असावी तशी. पंख्यासमोर आल्यावर त्याने एक हात टोपीवर ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तसाच, सावकाश, हात न काढता चालत गेला. लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. टाळ्या सगळ्यांत जास्त त्यालाच पडल्या. सुताराने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याचे हात गुडघ्यांवर होते.

बाहेर पडताना मुलांनी त्याला गाठलं.

"काका, सिनेमा अर्धाच राहिलाय," उंच मुलगी म्हणाली. "बाईंनी थांबवला तेव्हा टोपी पाण्यात पडली होती आणि तो होडी सोडत होता. पुढचं आम्ही कुणीच बघितलेलं नाही. मुद्दाम थांबलोय. गुरुवारी लावतो. तुम्ही या."

"येतो," सुतार म्हणाला.

त्या गुरुवारी तो गेला नाही. मुलांनीही लावला नाही. पुढच्या गुरुवारी शिपाई विचारून गेला, तेव्हा शेडमध्ये काहीही वाळायला लावलेलं नव्हतं, तरी त्याने पुढचा गुरुवार सांगितला.

बारा ठोकळे शेडच्या फळीवर ओळीने ठेवले आहेत, सातवा मध्ये. प्रदर्शन होऊन आता पाच आठवडे झाले. सिनेमाचा उरलेला भाग अजून बघायचा आहे.