गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

गाडी दारात आली की मिस्त्री नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखतो, असं लोक म्हणायचे. हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. त्यामुळे थोरल्या बहिणीने आपली डिझेल गाडी मध्येच बंद पडते अशी तक्रार आणली, तेव्हा त्याने सकाळच्या गारव्यात दोन फेऱ्या मारल्या, स्कॅनर लावून पाहिला, फिल्टर बदलला आणि गाडीत काही नाही असं सांगून टाकलं. ताई पुन्हापुन्हा सांगत होती, अर्धा-पाऊण तास चालली की बंद पडते, वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते. तो हसला.

"ताई, तू क्लच लवकर सोडतेस. गाडी ठणठणीत आहे."

पुढच्याच महिन्यात भर दुपारी भावोजींच्या छातीत कळ आली. ताई त्यांना घेऊन निघाली. रस्त्यात वाहनांची ही रांग. पाऊण तास मुंगीच्या पावलांनी सरकल्यावर पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. ती किल्ली फिरवत राहिली, इंजिन नुसतं घरघरत राहिलं. शेवटी एका अनोळखी माणसाने त्यांना आपल्या गाडीत घेतलं, पण भावोजी वाटेतच गेले.

ताईने कुणाला बोल लावला नाही. भेटायला येईल त्याला एकच सांगायची, माझा पाय चुकला. मिस्त्री शेजारी बसून ऐकायचा.

तीन महिन्यांनी, विकून टाक म्हणून तिने गाडी त्याच्याकडे धाडली. त्या दिवशी त्याने हातातली सगळी कामं बाजूला ठेवली आणि ताईने सांगितलं होतं तसं केलं. बॉनेट बंद ठेवून इंजिन सुरू केलं आणि आत बसून राहिला. पाय पेडलवर नव्हतेच. पन्नासाव्या मिनिटाला आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला आणि इंजिन बंद झालं. किल्ली फिरवली, नुसती घरघर. त्याने बॉनेट उघडून क्रँक सेन्सरवर गार पाणी ओतलं. गाडी झटक्यात सुरू झाली. इंजिन फिरतंय हे ज्याने कळवायचं, तो बोटाएवढा सेन्सर तापला की मुका होत होता. नवा बसवून त्याने गाडी दोन तास चालवली. एकदाही बंद पडली नाही.

सेन्सर बदलून गप्प बसता आलं असतं. त्याच्या मनात तेही येऊन गेलं. पण संध्याकाळी तो ताईकडे गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

ती खुर्चीवरून उठली. मग म्हणाली, "म्हणजे माझा पाय नव्हता."

"नव्हता."

"मी तुला सांगत होते ना रे?"

"सांगत होतीस. मीच ऐकलं नाही."

ती रडेल, ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त खुर्चीची पाठ घट्ट धरली. "तीन महिने मी त्यांच्या फोटोसमोर उभी राहू शकले नाही," ती म्हणाली. "तू आता जा. मी बोलावेन तेव्हा ये."

तो चालतच घरी गेला. ताईने त्याला बोलावलं, पण वर्ष उलटून गेल्यावर. तिने दार उघडलं, त्याला आत घेतलं, पाणी दिलं. दोघंही भावोजींबद्दल काही बोलली नाहीत.